सरूचा वाटा : मराठवाड्यातील एकांकिका स्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय परीक्षक,

ऊसतोडीवरच्या संहिता आपल्यासमोर वारंवार येतात. त्यातल्या अनेकींमध्ये एक बाई असते. तिच्यावर पूर्वी अन्याय झालेला असतो, आता तोच अन्याय तिच्या डोळ्यांदेखत दुसरीवर होत असतो, आणि ती बघत राहते. अशा बाईपाशी आले की परीक्षकांचे शेरे ठरल्यासारखे येतात. ‘पात्राची भूमिका स्पष्ट नाही.’ ‘नायिका की खलनायिका?’ ‘शेवटी परिवर्तन दिसायला हवे होते.’ असे शेरे वाचून पोरं पुढच्या वर्षी ती बाई धुऊन स्वच्छ करतात किंवा तिला काळं फासतात, आणि दोन्हीला बक्षिसं मिळतात. त्याबद्दल सविस्तर लिहायचं म्हणून हे पत्र.

बोलायला सोपं जावं म्हणून एक बाई कल्पू. नाव सरू. वय पस्तीस. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी पहिला हंगाम, तिशीच्या आत गर्भाची पिशवी काढलेली. थोरली जाऊ वारली, तिची पोर नंदा सरूच्याच चुलीवर वाढली. नंदा पंधरा वर्षांची, नववीत. दसरा झाला की टोळी निघणार. नंदाच्या बापानं तिचं लग्न ठरवलं आहे. मुलगा सरूच्या सख्ख्या भावाचा. सरूला सगळं माहीत आहे. ती काही बोलत नाही. हळद तीच दळते.

आता सरूच्या वाट्याला किती दोष येतो?

आधी तिच्या गळ्यातला फास नीट मोजू, कारण बहुतेक संहितांत तो नुसता ‘गरिबी’ या एका शब्दात उरकलेला असतो. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो आणि तोडलेल्या टनांतून ती फिटत जाते. टनाला ३६६ रुपये दर धरा आणि लाखाची उचल धरा. फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं रोज दोन टन तोडले, म्हणजे पहाटे उठून तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या, तर १३७ दिवस झाले. हंगाम चार-पाच महिन्यांचा. त्यात पाऊस, आजारपण, गाडी न येणं. न आलेल्या दिवसाचा खाडा पडतो आणि त्याचा दंड दिवसाच्या मजुरीत भागत नाही. हंगाम संपून उरते ती बाकी, आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीच्या डोक्यावर बसते. हे गणित लेखकाला येत असलं की ‘ती बोलली का नाही’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर संवादाशिवाय रंगमंचावर उभं राहतं. येत नसलं की दिग्दर्शक बासरी लावतो.

पण याच गणितातली एक ओळ लेखक हमखास गाळतात, ती म्हणजे सरूचा फायदा. मुलगा तिच्या भावाचा आहे. लग्न झालं की भावाच्या पोराचा पूर्ण कोयता होतो, पूर्ण उचल येते, आणि त्यातून भाऊ सरूच्या नवऱ्याची मागची बाकी भागवणार आहे. ही ओळ गाळली की सरू नुसती भेदरलेली उरते आणि प्रेक्षक तिला ताबडतोब माफ करतो. ठेवली की तोच प्रेक्षक खुर्चीत अस्वस्थ होतो. सरूला फायदा देणं म्हणजे तिला दुष्ट करणं, असं अनेक लेखकांना वाटतं. तसं नाही. अन्यायाची व्यवस्था टिकते ती गांजलेल्या माणसालाही अधूनमधून थोडी सुटका देऊन, आणि ती सुटका दुसऱ्या गांजलेल्याच्या खिशातून काढलेली असते. सरूला मिळणारी सुटका नंदाच्या शाळेतून कापलेली आहे. हे दिसलंच पाहिजे.

आमचं मुख्य म्हणणं असं. पीडित असल्यामुळे सरूची ताकद कमी होते, पण तिचं जाणणं वाढतं. चौदाव्या वर्षी लग्न झालं की अंगाचं काय होतं, पहिलं बाळंतपण फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कसं होतं, पोटात दुखतं म्हणून गेलं की पिशवी काढायचा सल्ला किती पटकन मिळतो, हे त्या मांडवात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्या मुलाच्या बापाला नाही, भटजीला नाही, नंदाला तर नाहीच. म्हणून ‘तिनं स्वतः इतकं सोसलंय, तिला कसं जबाबदार धरणार’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. जे तिला करता येण्यासारखं नव्हतं त्याचा दोष तिच्यावर नाही. जे तिला माहीत होतं ते मात्र सोसण्यानं पुसलं जात नाही. उलट ते सोसण्यातूनच आलेलं आहे. ही दोन मापं वेगळी ठेवून पात्र लिहिलेलं असेल तर ते पात्र अस्पष्ट नाही, ते अवघड आहे, आणि अवघड पात्राचे गुण कापू नयेत.

कायद्यानंही ही अडचण आपल्या परीनं हाताळली आहे, आणि लेखकांनी ते कलम वाचलेलं असावं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्याचं अकरावं कलम मुलीचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांना लागू होतं, मग ते आईबाप असोत, पालक असोत वा आणखी कोणी. लग्नाला प्रोत्साहन देणं, ते होऊ देणं, निष्काळजीपणानं न रोखणं, लग्नाला हजर राहणं किंवा त्यात भाग घेणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. पण त्याच कलमात पुढे आहे की कोणत्याही स्त्रीला तुरुंगवासाची शिक्षा देता येणार नाही. म्हणजे सरूसारखीला कायदा तुरुंगात टाकत नाही, पण गुन्ह्यातून वगळतही नाही. तिच्या चुलीवर वाढलेल्या पोरीबद्दल ‘माझा काय संबंध’ असं म्हणायची सोय तो ठेवत नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यातही अशीच एक बारीक रेघ आहे. गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, मात्र न कळवणारं स्वतः बालक असेल तर नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सोडलं आहे. ज्याच्या हातात थोडं आहे त्याला थोडं धरलं आहे.

‘हातात थोडं’ म्हणजे नेमकं काय, हे संहितेत दिसायला हवं. एकांकिका घसरण्याची सगळ्यात मोठी जागा ही आहे. लेखक सगळी दारं बंद करून टाकतो. मुकादम राक्षस, नवरा दारुडा, सरपंच विकलेला, फोनला रेंज नाही. अशा जागेत गप्प राहणं ही निवडच नसते, मग जबाबदारी मोजायची कशाची? एक तरी दार उघडं ठेवा आणि त्या दारावर किंमत लिहा. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. अंगणवाडीच्या ताई गावातच असतात. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक फुकट लागतो आणि सांगणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. नंदाचे वर्गशिक्षक तिची गैरहजेरी लावत असतात. यातलं कोणतंही एक दार सरूच्या हाताच्या अंतरावर असलं की पुरे. आणि किंमत? लग्न मोडलं तर भाऊ कायमचा तुटेल, बाकी डोक्यावर राहील, कुणी सांगितलं हे पाच घरांच्या वस्तीत लपणार नाही, दीर घराबाहेर काढेल. ही किंमत खरी आणि मोठी असू द्या. मोठी किंमत असलेलं उघडं दार दिसलं की प्रेक्षक स्वतः मोजायला लागतो.

वेळेचाही विचार हवा. तीस मिनिटांच्या एकांकिकेत सरूला लग्नाचं चोविसाव्या मिनिटाला कळलं तर उरलेल्या सहा मिनिटांत तिला फक्त रडता येतं. सातव्या-आठव्या मिनिटाला कळलं तर मधली पंधरा मिनिटं ती हे ओझं घेऊन भाकरी थापते, दळते, नंदाची वेणी घालते, आणि तिचं प्रत्येक साधं काम निर्णय होऊन जातं. संहितेच्या समासात मिनिटं लिहून पाहावीत. कळलं कधी, दार दिसलं कधी, दार मिटलं कधी. या तीन वेळांमध्ये अंतर नसलेली संहिता या विषयाला पुरत नाही, संवाद कितीही चांगले असोत.

पूर्वदृश्याचा क्रम ही त्याहून नाजूक गोष्ट. सरूचं स्वतःचं लग्न, म्हणजे चौदा वर्षांची पोर, मोठं लुगडं, मळवट, हे दृश्य बहुतेक दिग्दर्शक तिच्या गप्प राहण्याच्या ऐन आधी ठेवतात. परिणाम हुकमी येतो आणि चुकीचा येतो. दुःख आधी दिसून लगेच मौन आलं की प्रेक्षकाच्या मनात मौन माफ झालेलंच असतं, त्याला विचार करायला जागा उरत नाही. तेच दृश्य पहिल्या पाच मिनिटांत टाकलं तर ते सरूची ओळख होतं, सबब होत नाही. मौन आधी आणि दुःख नंतर असा क्रम लावला तर प्रेक्षकानं आधी तिला दोष दिलेला असतो आणि आता तो दोष हातात घेऊन त्याला पुन्हा बघावं लागतं. आमच्या मते हा तिसरा क्रम सगळ्यात प्रामाणिक आहे. फक्त तो लावताना दुःखाचं दृश्य लांबवू नये. एक-दीड मिनिट पुरतं. लांबलं की परत माफीनामा होतो.

आणि शेवटचं स्वगत. सगळे दिवे बंद, एक झोत, सरू पुढे येते आणि ‘होय, मी गप्प बसले’ असं म्हणून प्रेक्षकांसमोर हंबरडा फोडते. टाळ्या पडतात, अभिनयाचं बक्षीस पक्कं होतं. परीक्षक महोदय, इथे थोडं थांबा आणि बघा की ही कबुली कुणाला दिली जाते आहे. सरूनं उत्तर द्यायचं आहे ते नंदाला. झोतात नंदा नाही. ती विंगेत उभी आहे, तिचं काम संपलं म्हणून. सभागृहातले चारशे लोक सरूला माफ करून घरी जातात, आणि जिचं नुकसान झालं तिला विचारायचंच राहतं. स्वगताच्या जागी दोघींचं दोन मिनिटांचं दृश्य असतं, नंदा फक्त ‘काकू, तुला माहीत होतं?’ एवढं विचारत असती, तर सरूची भूमिका करणाऱ्या मुलीला खरा अभिनय करावा लागला असता. ‘माहीत होतं’ म्हणणं आणि समोरच्या नजरेत उभं राहणं हे रडण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

अक्षता पडल्या की नाटक संपतं, हाही समज सोडायला हवा. त्याच २००६ च्या कायद्यानुसार असं लग्न रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, तोही मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे नंदा वीस वर्षांची होईपर्यंत. ती सज्ञान नसताना पालक किंवा तिच्या वतीनं उभं राहणारं माणूस बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासोबत अर्ज करू शकतं. म्हणजे सरूचं दार लग्नाच्या दिवशी बंद होत नाही. नंदा अठराची होईपर्यंत ते उघडं आहे, आणि त्यापुढची दोन वर्षं अर्ज नंदाला स्वतः करता येतो. मांडवात गप्प बसलेली सरू पुढच्या हंगामात त्याच फडात, शेजारच्या कोपीत, नंदाला रोज पाहणार आहे. तिची जबाबदारी त्या एका दिवसाची आहे की रोज नव्यानं उभी राहणारी आहे, हा प्रश्न एखाद्या संहितेनं उचलला तर तिला वेगळं ओळखा.

वाटा कसा मोजावा याचं एक जुनं माप आपल्याकडे आहे आणि ते महाभारताच्या सभापर्वात आहे. स्वतःला हरलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावता येतं का, या द्रौपदीच्या प्रश्नाला सभा उत्तर देत नाही तेव्हा विदुर प्रल्हादाची कथा सांगतो. तिच्यात कश्यपाचं उत्तर येतं : निंद्य गोष्टीची जिथे निंदा होत नाही, तिथे अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला आणि पाव निंदा न करणाऱ्या सभासदांना. निंदा झाली तर प्रमुख सुटतो, सभासद सुटतात, सगळं पाप करणाऱ्याच्या माथी जातं. या मापात दोन गोष्टी लक्ष देऊन पाहण्यासारख्या आहेत. प्रमुखाचा वाटा हात घालणाऱ्याच्या दुप्पट आहे. आणि सभासदाकडून मागितलेलं काम लढण्याचं नाही, हे वाईट आहे एवढं म्हणण्याचं आहे.

आपल्या संहितांना हे माप लावा. प्रमुखाचा अर्धा वाटा कुणाच्या नावावर आहे? बहुधा कुणाच्याच नाही. मुकादम मिशा पिळतो, तो करणाऱ्यांतला. ज्यांना दसऱ्याला इतके कोयते हजर हवेत, ज्यांच्या हिशेबात बाई स्वतंत्र मजूर नसून जोडीचा अर्धा भाग आहे, त्यांचा संहितेत उल्लेखही नसतो. तो अर्धा वाटा रिकामा राहिला की त्याचं वजन सरूवर येतं, किंवा मग सगळ्यांचाच दोष हवेत विरतो. कारखान्याचा माणूस रंगमंचावर आणायची गरज नाही. एखादी पावती, एखादा फोन, मुकादमाच्या तोंडी ‘मलाबी वर उत्तर द्यावं लागतं’ एवढं पुरतं.

विदुराच्या मापात एक माणूस मात्र बसत नाही, आणि आपल्या विषयाचा गाभा तोच. भीम. तो त्या सभेत आहे, पण सभासद म्हणून नाही. त्याला डावावर लावून हरलेलं आहे, त्या घटकेला तो दास आहे. म्हणजे पीडित. आणि द्रौपदीला केसांनी ओढून आणलेलं तो बघतो आहे. तो गप्प राहत नाही. युधिष्ठिराचे हात जाळायला सहदेवाकडे अग्नी मागतो, अर्जुन त्याला आवरतो, मग तो प्रतिज्ञा करतो. विटंबना मात्र त्यानं थांबत नाही. दुसरीकडे विकर्ण, धृतराष्ट्राचाच मुलगा, जिंकलेल्या पक्षातला. तो उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. आणि पुढे युद्धात कौरवांकडूनच लढतो, भीमाच्या हातून मरतो. एकाचं बोलणं रागाचं, एकाचं न्यायाचं, आणि दोघांच्याही बोलण्याला पुढे मर्यादा. ज्या विद्यार्थ्यांना सरू लिहायची आहे त्यांना हे प्रकरण वाचायला सांगा. त्यातून सरूकडून द्रौपदीसारख्या प्रश्नाची अपेक्षा करायची असा अर्थ मात्र काढू नये. द्रौपदी राजकन्या होती, भर सभेत धर्माचा पेच उभा करण्याइतकं शिक्षण तिच्याकडे होतं. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईकडून त्याच शब्दांची मागणी करणं हा अन्यायच आहे. तिची निंदा एखाद्या वाक्याचीही असू शकते : ‘पोरगी अजून लहान हाय, भाऊ.’ ते वाक्य ती बोलली की नाही, कुणासमोर बोलली, एकदा बोलून थांबली का, एवढंच बघायचं.

नामांतराच्या काळावर लिहिणाऱ्यांसाठी इथे वेगळं सांगावं लागेल. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या विषयावरच्या संहितांत एक सालगडी येऊ शकतो. मालकाच्या कर्जात बुडालेला, वस्तीबाहेरच्या जातीचा, मालकाच्या पोरांना रॉकेलचे डबे नेताना पाहणारा. तोही पीडित आणि साक्षीदार. त्याला लिहायला हरकत नाही. पण इथे धोका मोठा आहे. सालगड्याची तगमग इतकी जागा घेते की ज्यांची घरं जळाली ते त्या नाटकात मागच्या पडद्यावरची आग होऊन राहतात. त्याच्या मनाची कालवाकालव दाखवायला पाच प्रवेश, आणि वस्तीतल्या एकाही माणसाला नाव नाही. अशा संहितेला ‘संवेदनशील’ म्हणून गुण देऊ नका. आधी मोजा : जळालेल्या घरातल्या माणसाला किती वाक्यं आहेत? आणि त्यातलं एक तरी वाक्य सालगड्याला उद्देशून आहे का?

शेवटी मागणी. संहितेच्या गुणांत ‘परिवर्तन’ शोधू नका. सरू शेवटपर्यंत न बदलणं हे अनेकदा बदलण्यापेक्षा खरं असतं. निकालाआधी चर्चेची पद्धत जिथे आहे तिथे लेखक-दिग्दर्शकाला तीन गोष्टी विचारा : सरूला कळलं तेव्हा तिच्या हातात काय होतं, तिचा फायदा काय, आणि ती कुणाला उत्तर देते. उत्तरं तयार नसतील तर अभिनय कितीही भिडला असला तरी संहितेचे गुण राखून ठेवा. उत्तरं असतील आणि तरीही सरू आपल्याला आवडली नसेल, तर ‘भूमिका स्पष्ट नाही’ हा शेरा खोडून ‘सरू पटली नाही, कारण...’ असं लिहा आणि ते कारण पूर्ण लिहा. तालुक्याच्या गावात बसून पुढची संहिता लिहिणाऱ्या पोरापोरींच्या हातात पुष्कळदा आपला तो कागद सोडून दुसरं मार्गदर्शन नसतं.

आपले,
मराठवाड्यात एकांकिका लिहिणारे आणि बसवणारे काही जण